हात धुवायला लिंबापाशी

आई,

तुला सांगायचं होतं की मी परत वाळवंटात राहायला जायचं म्हणतोय. चार दिवस ऊन खायला नाही, कायमचं. सहासष्टाव्या वर्षी, दोन्ही गुडघे कुरकुरत असताना, आणि कशासाठी, तर घरची बाग करायला. तू असतीस तर आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असतास आणि मग म्हणाली असतीस, "तुझ्या हातून कधी मेथी तरी उगवली होती का रे?" नव्हती उगवली. इथे ग्लासगोत ज्यांना ज्यांना हा बेत सांगितला ते सगळे हसले, आणि हसून झाल्यावर प्रत्येकाने हेच विचारलं, की बाग करायची तर माणूस पाणी असेल तिथे करतो ना? मला कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही. तुला देऊन बघतो.

तुझी सून जाऊन तीन वर्षं झाली. हे खरं तर पहिल्याच ओळीत सांगायला हवं होतं, पण हात तिकडे वळत नाही. घर तेच आहे, तू सात महिने राहिलीस तेच. तू झोपायचीस त्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल आहे आणि कधी न उघडलेली खोकी. लेक कार्डिफला असते, तिथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. तू गेलीस तेव्हा आठ वर्षांची होती, आता तिशी उलटली. मीही निवृत्त झालो. आयुष्यभर मी पंपांचं काम केलं, तळघरांतून, बोगद्यांतून नको असलेलं पाणी उपसून बाहेर टाकायचे पंप. तू एकदा म्हणाली होतीस, "बिकानेरात वाढलेल्या पोराने पाणी फेकून द्यायची नोकरी धरावी, काय म्हणायचं याला!" आता तीही नाही. काही दिवस असे जातात की दिवसभरात माझ्या तोंडून निघालेला एकमेव शब्द म्हणजे बसमधून उतरताना ड्रायव्हरला म्हटलेलं थँक्यू. मला एकटं वाटतं, आई. ते वळणं घेऊन सांगण्यात अर्थ नाही.

लोक म्हणाले, बागेत मन रमव. मागच्या दारी छोटी बाग आहेच, ती तुझ्या सुनेने लावलेली. मागच्या उन्हाळ्यात मी पाच आठवडे लेकीकडे राहिलो आणि परत आलो तर गवत गुडघ्याएवढं, गुलाब कुंपणावरून पलीकडे गेलेले, सफरचंदाच्या फांद्या ओझ्याने वाकलेल्या. एकाही झाडाला माझी उणीव भासल्याचं दिसलं नाही. मी दारात बॅग धरून उभा होतो आणि चक्क मला त्या झाडांचा राग आला.

मग मी कौन्सिलकडून अलॉटमेंट घेतली. अलॉटमेंट म्हणजे इथे गावाच्या कडेला भाजी लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. पहिल्याच दिवशी मी उत्साहाने वाफे खणले. तू शिकवले होतेस तसेच, जमिनीपेक्षा वीतभर खोल, कडेने मातीचा बांध, म्हणजे पाण्याचा थेंब बाहेर जाणार नाही. चाळीस वर्षं या देशात पाणी उपसणारा मी इंजिनिअर, आणि कुदळ हातात आल्यावर हाताला आठवलं ते बिकानेर. चार दिवसांनी जाऊन बघतो तर चारही वाफ्यांत तळी झालेली, कांद्याची रोपं तरंगतायत आणि एक बदक निवांत बसलेलं. शेजारच्या तुकड्यावरचा म्हातारा काठीवर रेलून बघत होता. तो म्हणाला, "इज इट फिश ये'र ग्रोइंग, पॅल?" मी हसलो, तोही हसला. मग त्याने शांतपणे सांगितलं की इथे वाफा उंच करतात, पाणी निघून जावं म्हणून. त्या दिवशी घरी येऊन बूट काढता काढता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बदकासाठी नाही. हे सगळं ज्याला सांगून हसावं असं कुणी उरलं नव्हतं म्हणून.

तुझा वाफा आठवला आणि मग सगळंच आठवत गेलं. बाबांची नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, आणि तू कोकणातली, जिथे माणसाला पावसापासून घर वाचवावं लागतं. लग्न होऊन बिकानेरला आलीस तेव्हा वर्षभर रडलीस म्हणे. मला आठवते ती रडून झाल्यानंतरची तू. नळ एक दिवसाआड, तासभर. घरात कायदा होता: पहिलं पाणी माणसाचं, दुसरं भांड्यांचं, तिसरं झाडाचं. तांदूळ धुतलेलं पाणी तोंडल्याच्या वेलाला, भाजी धुतलेलं मिरच्यांना. मोरीचं पाणी बाहेर पडतं तिथे तू अळू लावलास, कोकणात लावतात तसा. शेजारपाजारच्या बायका हसल्या. थंडीत तो काळा पडून आडवा व्हायचा आणि होळीनंतर नाकावर टिच्चून परत फुटायचा. त्याचं फदफदं तू करायचीस, आणि चुका मिळत नाही म्हणून आंबटपणाला काचरी घालायचीस, ते तिकडचं वाळवलेलं रानफळ. मी पुढे पुण्यात फदफदं खाल्लं तेव्हा मला ते चुकीचं लागलं होतं.

आणि अंगणाच्या मधोमध लिंबू. आपल्याकडे हात धुवायला कुणी मोरीत जायचं नाही. जेवायच्या आधी आणि जेवण झाल्यावर सगळ्यांनी लिंबापाशी जायचं, तू तांब्याने हातावर धार धरायचीस आणि पाणी बुंध्याशी. बाबांचे साहेब पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनाही तू म्हणालीस, "हात धुवायला लिंबापाशी चला." बाबा शरमेने लाल झाले होते. साहेब मात्र झाडाखाली उभे राहून म्हणाले की असं पुण्य हात धुताना कधी लागलं नव्हतं.

मी दहा वर्षांचा असेन. नवी सायकल आली म्हणून मी भरलेली बादली तिच्यावर ओतून ती धुतली. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. मारलं नाहीस, ओरडलीही नाहीस. म्हणालीस, "ते पाणी अळवाचं होतं. आता जाऊन त्याला सांग." मला वाटलं थट्टा करतेयस. "जा, सांग त्याला, आज तुला पाणी नाही, कारण मी सायकल धुतली." मी मोरीमागे जाऊन उभा राहिलो. आजूबाजूला कुणी नाही, समोर पाच-सहा पानं. पानांना सांगायचं, तर त्यात काय अवघड? मला अर्धा तास लागला. तू तोवर दारातून हलली नाहीस.

बाबा निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी धरलं होतं की आता तुम्ही कोकणात जाणार. तीस वर्षं तू त्या गावाला नावं ठेवलीस, धुळीला, उन्हाला, नळाला. आणि जायची वेळ आली तेव्हा म्हणालीस, "मी नाही येणार. तिकडे माझ्यावाचून काय अडलंय? तिथे दगडावर थुंकलं तरी रोप येतं. इथल्या झाडाला माणूस लागतो." बाबांनी मग वर्कशॉपजवळचं ते दोन खोल्यांचं घर, ज्यात आपण भाड्याने राहत होतो, तेच विकत घेतलं. मला तेव्हा तुझं ते बोलणं शुद्ध हट्टीपणाचं वाटलं होतं. आता बाकी सगळं विसरलो तरी तेवढं विसरत नाही, कारण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. लोक पाणी बघून बाग करतात. मला अशी बाग हवी आहे जी मी चार दिवस गेलो नाही तर मरेल.

पण त्या घराबद्दल एक गोष्ट मी तुला कधीच सांगितली नाही, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. बाबा गेल्यावर तू दोन वर्षं तिथे एकटी राहिलीस. उन्हाळ्यात मला इथे झोप लागायची नाही. मग मी आलो आणि सहा महिन्यांसाठी म्हणून तुला घेऊन निघालो. निघायच्या आदल्या दिवशी वकिलाचे कागद मी तुझ्यापुढे स्वयंपाकघरात ठेवले आणि म्हणालो, नगरपालिकेत नाव बदलायचं आहे, सही कर. तू म्हणालीस, "चष्मा दे." चष्मा लावून तू दोन्ही पानं समोर धरलीस. मला वाटलं सही कुठे करायची ते शोधतेयस. भेळेच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून टाकणारी बाई तू, आणि मला वाटलं शोधतेयस! मग सही केलीस आणि कणीक मळायला घेतलीस. दोन महिन्यांनी मी रजा काढून बिकानेरला गेलो. तुला म्हणालो, छप्पर गळतंय, बघून येतो. तू म्हणालीस, "गळतंय? पाऊस कधी पडला तिथे?" आणि हसली नाहीस. मी गेलो आणि तू सही केलेल्या त्या मुखत्यारपत्रावर घर विकून आलो. तुझ्या भल्यासाठी. परतीचं दार उघडं राहिलं तर तू पहिल्या मार्चला तिकीट मागशील, याची मला खात्री होती.

तू इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात बाथरूममध्ये शॉवरखाली बादली ठेवलीस. मी कामावरून दमून आलो होतो, अंधारात तिच्यावर आपटलो, नडगी सोलली. मी ओरडलो, "आई, इथे आभाळ फुटलंय आणि तू बादल्या कसल्या भरतेस? इथे कुणाला गरज नाही त्याची!" बादली उचलून मी मागच्या शेडमध्ये टाकली. त्यानंतर तू कशालाच हात लावला नाहीस. खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसायचीस. सुनेने विचारलं काय बघता, तर म्हणालीस, "इथे काही करायलाच नको." मी ते कौतुक समजलो.

आणि दर रविवारी, जेवणं झाली की तू विचारायचीस, "लिंबू कसं आहे?" मी तुला सांगितलं होतं की शेजारी पाणी घालतायत. विचारलंस की मी फोनचं कार्ड घेऊन पॅसेजमध्ये जायचो, नंबर फिरवल्यासारखं करायचो, दोन-चार वाक्यं हिंदीत मोठ्याने बोलायचो आणि परत येऊन सांगायचो, छान आहे, पालवी आलीय, फुलं आलीयत. तू मान हलवायचीस. एकदा म्हणालीस, "यंदा लवकर आली फुलं." मार्चमध्ये न्यूमोनियाने तू गेलीस, त्याच्या आधीच्या रविवारीही हॉस्पिटलात ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून विचारलंस. मी म्हणालो, लिंबं धरलीयत. झाकली मूठ झाकलेलीच राहिली, मला वाटलं. बावीस वर्षं मला वाटत होतं.

आता गाव निवडायचं ठरवलं तेव्हा मी इंजिनिअरसारखाच निवडायला बसलो. वही केली. पाणी कुठलं, माती कशी, थंडीत दव गोठतं का, हॉस्पिटल किती लांब, बोलायला कुणी आहे का. तीन गावं काढली: स्पेनच्या दक्षिणेला अल्मेरियाजवळचं एक, कच्छमधलं भूज आणि आपलं बिकानेर. स्पेनला आधी जाऊन आलो, इथून विमान स्वस्त म्हणून. ऊन सुरेख. पण तिथे राहणारे इंग्रज म्हातारे अंगणात खडी पसरतात, त्यात चार निवडुंग लावतात, आणि बाकीच्या झाडांना नळीला लावलेलं घड्याळ पाणी घालतं. एक गृहस्थ मला अभिमानाने म्हणाले, "वी गो अवे फॉर थ्री मंथ्स अँड द गार्डन नेव्हर नोटिसेस." मी म्हटलं, हे तर मला ग्लासगोतही मिळतं. भूजला कुणी ओळखीचं नाही, ते वहीतच राहिलं.

लेकीला हे सगळं फोनवर सांगितलं.  ती म्हणाली, "बाबा, आर यू सीरियस? तिकडे फॉर्टी-फाइव्ह डिग्रीज असतो. तू पडला तर हू विल इव्हन नो? इथे कार्डिफला तुझा खोली रेडी आहे, ग्राउंड फ्लोअर, गार्डन पण आहे. तू बस ये." मी म्हणालो, माझी अलॉटमेंट आहे ना इथे. ती म्हणाली, "ती मी सॉर्ट करते. समबडी विल वॉटर इट." ग्लासगोत पाणी घालायला माणूस! मी हसलो, पण हसता हसता थांबलो. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. पॅसेजमधून फोन करून परत आलेल्या माणसाचा होता तो.

फेब्रुवारीत मी बिकानेरला गेलो. आपली गल्ली सापडायला वेळ लागला, आता नळाला रोज पाणी येतं आणि घरांवर मजले चढलेत. आपलं घर मात्र तसंच, फक्त फाटक हिरवं केलंय. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून बघत होतो तर आतून एक बाई आल्या, माझ्याच वयाच्या, कानटोपी घातलेल्या. घर ज्यांना विकलं त्या जोडप्यातल्या त्या, शाळेत मास्तरीण होत्या, यजमान गेले आता. व्यवहार यजमानांनी केला होता, त्यामुळे मला त्या ओळखत नव्हत्या. मी म्हणालो, "मैं बचपन में यहाँ रहता था." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मराठी माँजी के लड़के हो? इतने साल लगा दिए आने में? आओ, पहले हाथ धो लो. नींबू के पास."

मी त्यांच्यामागून फाटकातून आत गेलो. अंगणाच्या मधोमध लिंबू होतं, फुलांनी भरलेलं, आणि बुंध्याजवळ तांब्या. त्यांनी माझ्या हातावर धार धरली. मी विचारलं, हे तेच का? "वो तो कब का सूख गया. हम आए उसी सर्दी में. ये उसका बच्चा है, पड़ोस से लाकर लगाया, माँजी ने बताया वैसे." मी म्हणालो, माँजींनी कधी सांगितलं? तर त्या आत गेल्या आणि शाळेच्या जुन्या फायलीतून दोन निळी विमानपत्रं घेऊन आल्या. तुझं अक्षर, आई. वर पत्ता म्हणून तुझ्याच घराचा पत्ता, तुला तोंडपाठ होता तो, आणि नावाच्या जागी "नई मालकिन बाई". तुझ्या हिंदीतल्या चुका बाईंनी सवयीने लाल पेनाने दुरुस्त केल्या होत्या, आणि त्याबद्दल माझी माफीही मागितली.

पहिलं पत्र मी छप्पर बघून परत आलो त्याच्या पुढच्याच आठवड्यातलं. "घर अब आपका है. नींबू थोड़े दिन और मेरा है." मग सगळं सविस्तर, कुठलं पाणी कुणाला, दुपारी पाणी घालायचं नाही, पाहुण्यांना हात धुवायला कुठे पाठवायचं, अळू मेल्यासारखा दिसला तरी उपटायचा नाही. त्यावर बाईंनी तुला उत्तर लिहिलं होतं म्हणे, की लिंबू तर वाळलं, आम्हाला जमलं नाही, माफ करा. दुसरं पत्र म्हणजे त्या उत्तराला तुझं उत्तर. त्यात तू लिहिलं होतंस की तुमची काही चूक नाही, मीच त्याला न सांगता निघून आले. शेजारी मी त्याचं एक रोप दिलंय, त्यावरून नवं करा. आणि शेवटी, "मेरे लड़के को मत बताना. वो हर इतवार मुझे बताता है कि फूल आए हैं. उसको बुरा लगेगा."

ते मी उभ्यानेच वाचलं आणि मग तिथल्या पायरीवर बसलो. बाई चहा करायला आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने आल्या, समजूतदार बाई. तू सही करतानाच वाचलं होतंस. तुला माहीत होतं घर विकलंय, माहीत होतं झाड वाळलंय, आणि तरी दर रविवारी विचारत होतीस. मी किती विचार केला यावर, आई. मी खरं सांगावं म्हणून संधी देत होतीस, जशी अळवासमोर दिली होतीस, दारात उभी राहून? की खोटं का होईना, फुललेलं लिंबू आठवड्यातून एकदा तुला ऐकायचं होतं? अळवाच्या वेळी मला अर्धा तास लागला होता. या वेळी तू सात महिने थांबलीस आणि मी बोललो नाही.

हॉटेलवर जाऊन लेकीला फोन लावला. विचारलं, आजीची पत्रं आठवतात का तुला. ती पटकन म्हणाली, "ब्लू वाले? येस! मी पोस्टबॉक्समध्ये टाकले. आजीने मला उचलायला सांगितलं नाही, मी स्वतः जंप करून टाकला. मम्मीने स्टॅम्प दिला. आणि एक लेटर आला पण होता, तो मम्मीने आजीला दिला." मी विचारलं, मला का नाही सांगितलंस कधी? ती म्हणाली, "आजी म्हणाली बाबाला नको सांगू, ही विल बी सॅड. मग मी विसरूनच गेले. व्हाय, बाबा? काय झाला?" घरातल्या तीन बायकांना माहीत होतं, आणि मला वाटत होतं की हे फक्त मला माहीत आहे. तुझ्या सुनेने तर शेवटपर्यंत अवाक्षर काढलं नाही. तिच्यावर रागवावं की तिला विचारावं, दोन्हींपैकी काहीच आता करता येत नाही.

मी लेकीला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, कागदांपासून.  शेवटी ती म्हणाली, "यू शुड हॅव टोल्ड हर." मी म्हणालो, हो. कोंबडं झाकून ठेवल्याने उजाडायचं राहत नाही, हे तू मला शंभरदा सांगितलं असशील. मला ते शंभरदा ऐकून कळलं नाही, लेकीला एकदाच ऐकून कळलं.

त्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्या भाड्याने मिळाल्यात, पुढे थोडं अंगण आहे, कडक, पांढरट माती, त्यात काहीही नाही. ऑक्टोबरात जातोय. बाई रोप देणार आहेत, नातवंड म्हणायचं आता त्याला. लेकीने अजून होकार दिलेला नाही, पण परवा फोनवर म्हणाली, "ओके. मग मी एव्हरी संडेला फोन करणार. काय विचारू? मेडिसिन घेतला का?" मी म्हणालो, "ते नको. विचार, लिंबू कसं आहे." ती म्हणाली, "आणि तू ट्रुथ सांगणार?" मी म्हणालो, जगलं तर जगलं म्हणून सांगेन, मेलं तर मेलं म्हणून. 

वहीतली ती पाणी, माती, हॉस्पिटल वगैरे कारणं मी मनात बिकानेर आधीच ठरल्यावर लिहून काढली, हे तुझ्यापाशी कबूल करायला हरकत नाही. आणि हे पत्र पाठवायचं तर मला तुझा एकच पत्ता माहीत आहे. तिथे ते बाईंच्या हाती पडेल आणि त्या माझं शुद्धलेखन सुधारतील. म्हणून राहू दे.

एक राहिलं. मी शेडमधून ती बादली काढून आणलीय. रोज शॉवरखाली ठेवतो. भरली की उचलून मागचं दार उघडतो. बाहेर पाऊस पडत असतो. मग मी ती तशीच हातात धरून दारात उभा राहतो, आई, कुठे ओतू ते कळत नाही.